बेलोरा ते बिरसी

लोकेशनं मोबाइलमध्ये दोन नावं टाकली,
बेलोरा. बिरसी.
मधे एक निळी रेघ उमटली,
धुणं वाळत घालायच्या तारेसारखी ताठ.
दोनशे सत्त्याहत्तर किलोमीटर, काका.
उडायचा वेळ चाळीस मिनिटं.
खाली बारीक अक्षरात: थेट विमान नाही.

मी बेलोऱ्याच्या कुंपणावर रातपाळीला असतो.
काम एवढंच, धावपट्टीवर रोही येऊ द्यायचे नाहीत.

रेघ आर्वीवरून जाते, नागपुरावरून,
मग तुमसर, तिरोडा.
वर्धा ओलांडते, वैनगंगा ओलांडते,
कुठंच चहाला थांबत नाही.
कपाशीतून उठते
आणि धानाच्या बांधीत उतरते, पाय न भिजवता.

त्या टोकाला इमल.
धावपट्टीपासून दोन बांध्या सोडून तिचं घर.
पस्तीस वर्षांत तिच्या तोंडचा ळ झाला र.
डोळ्याला डोरा म्हणते,
मला हसू येतं, तिला येत नाही.
तिकडं शिकाऊ पोरं विमान उडवतात,
फोनमध्ये घरघर ऐकू येते.
कुठं चाललं गं?
‘कोठी नाही. उठते, गोल फिरते, उतरते.
दिवसभर तेच.’

मी तीनदा गेलो तिच्याकडं.
तिसऱ्यांदा, भाऊजी गेले तेव्हा.
फोन पहाटे तीनला.
बडनेऱ्याला गाडी दोन तास उशिरा,
नागपुरात पुढची निघून गेलेली,
गोंदियापर्यंत उभ्यानं,
मग काळी-पिवळी, भरल्याशिवाय हलेना.
म्हटलं, दादा, घरी माणूस गेलं आहे.
तो म्हणाला, दोनच सीट राहिल्या.
पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते.
चारपर्यंत थांबले होते म्हणे माझ्यासाठी.
मे महिना. किती थांबतील.
इमल म्हणाली, हातपाय धू,
शेजारून भात आला आहे.

हे मी लोकेशला सांगत बसलो नाही.
त्यानं विचारलं, आत्याला पाठवू का फोटो?
पाठव म्हटलं.

रात्री तिचं बोललेलं उत्तर आलं,
मागं भांड्यांचा आवाज, कुत्रं:
‘चाळीस मिनटात तं माही डार शिजत नाही,
तू का येशीन.’
दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा बॅटरी संपली.

पहाटे जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून
तीन रोही आत.
शिट्टी फुंकली, टॉर्च मारला.
दोन लगेच उधळले.
तिसरा मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर उभा राहिला,
कान माझ्याकडं, तोंड दुसरीकडं,
जणू त्याला कुणी वेळ सांगितली होती.
मग सरळ रेघ धरून पळाला.

रजिस्टर उघडून लिहिलं:
५.४०. रोही तीन, एक नर.
पूर्वेकडे हाकलले.