पंधरा लिटर

बंबाच्या बुडाला दिवाळीनंतर थेंब धरला.
आधी मिनिटाला एक. मग राख ओली राहू लागली,
आणि शुक्रवारी जाळच विझला, फुस्स करून.
नाइट संपवून सीपीआरमधून आले तेव्हा
अण्णा न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले होते, हातात फुंकणी.
"पाणी नाही," म्हणाले. एवढंच.
चौदा वर्षांत पहिल्यांदा.

तांबटानं बंब उलटा करून टिचकी मारली.
"बूड बदलून देतो, पण वर्षभरात कड जाणार.
मोडीत घाला, वहिनी. तांब्याला भाव आहे,
गिझर येऊन वर मटणाला उरतील."
अण्णांनी बंब सुलटा केला,
झाकणही बसवलं, तिथल्या तिथं.

धनंजय हुबळीहून फोनवर: सोलर घे.
अर्धी गच्ची भाडेकरूची, आणि आषाढात
कोल्हापुरात सूर्य कुठं असतो, हे त्याला कोण सांगणार.
शेजारच्या मालूताई: गॅसचा घे, चटक्यात तापतो.
मी नको म्हटलं. का, ते सांगितलं नाही.
मागच्या जानेवारीत कॅज्युअल्टीत आणलेली ती पोरगी,
बंद न्हाणीतून, केसांत शिकेकाई तशीच,
गाल गुलाबी, झोपल्यासारखी.
तो रंग मला दुकानात दिसत राहिला
पांढऱ्या, चकचकीत डब्यांवर.

लक्ष्मीपुरीत शेट्यांच्या दुकानात अण्णाही आले,
इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन.
विकणारा पोरगा सांगत होता: फाइव्ह स्टार,
आतून काचेचं अस्तर, टाकीला पाच वर्षं गॅरंटी.
अण्णांनी चष्मा पुसला.
"सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उडतो?"
"अं?"
"प्रेशर, प्रेशर. कितीवर सोडतो?"
पोरानं मालकाकडं पाहिलं, मालकानं खोक्याकडं.
खोक्यावर एक बाई हसत होती, खांदे ओले.

एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर.
चिपाडाची आग, काचेच्या नळीत पाण्याची रेघ,
रेघ दिसेनाशी झाली की आधी पळायचं नसतं...
हे ते जेवताना सांगायचे, मी भाकरी वाढत "हं" म्हणायचे.
दुकानात पहिल्यांदा ऐकलं.
खोक्यातल्या कागदावर शेवटी सापडलं, मुंगीएवढ्या अक्षरात:
आठ बार.
"हां," अण्णा म्हणाले, "आता बोला किंमत."

इलाही मिस्त्रीनं न्हाणीच्या भिंतीवर हात फिरवला.
"एकोणीसला पाणी कुठवर आलतं?"
मी खांद्याला हात लावला, अण्णांनी कपाळाला.
इलाहीनं अण्णांचं ऐकलं,
वर आणखी दोन विती मोजून ड्रिल लावलं.

आता बटण आहे. दाबलं की झालं.
कुणी पाचला उठायचं कारण नाही,
सुताराकडून ढलप्या आणायचं नाही,
नारळाच्या शेंड्या उन्हात पसरायचं नाही.
घेताना हे सुचलं नव्हतं.
सुचलं असतं तरी घेतला असता.
बारा तास उभी राहिलेली कंबर माझी आहे.

बंब जिन्याखाली. तांबट दोनदा भाव वाढवून गेला.

सोमवारी आठला दारातूनच म्हटलं, "आलो, अण्णा."
न्हाणीसमोर स्टूल, स्टुलावर ते.
खिळ्याला सुतळीनं टांगलेली शंभर पानी वही:

७.३५ चालू.
७.५२ दिवा गेला. पाणी उत्तम.
७.५५ व्हॉल्व्ह पाहिला. गळती नाही.
८.०५ सूनबाई.

खाली सही, कारखान्यातली, शेपटीवाली.
त्याखाली "पुढील पाळी" आणि समोर रिकामी जागा.

मी पेन मागितलं.
"आधी आंघोळ," म्हणाले, "पाणी निवतंय."