एकतीस पौंड

शनिवारी सकाळी आम्ही बंब बाहेर उभा करतो
आणि त्याच्या जागेत लोकांच्या मोटारी घेतो, एकेक करून.
मी आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात असते,
शनिवारी इथं, टू हार्बर्सच्या अग्निशमन ठाण्यात,
परक्यांच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून.
तिथं काय नाही सापडत:
दगड झालेले फ्रेंच फ्राईज, एका पायाचा मोजा,
लायब्ररीचं पुस्तक, ज्याचा दंड कधीच भरला गेलेला नाही.

ब्रिट हाकाला आली साडेदहाला.
मागे इंगा. चार पूर्ण, पण अंगानं तिनाची.
बाहेर सरोवरावरून वारा असा येत होता
की दार लावायला दोन माणसं लागावीत.

इंगानं आधीच सांगून टाकलं:
मला माडीसारखी सीट हवी. पट्टे नसलेली.
माडी माझ्याच वर्गात आहे.

मी तिला वजनकाट्यावर उभं केलं. बूट काढून.
एकतीस पौंड.
तिनं टाचा उंचावल्या, तरी एकतीसच.
नुसत्या बूस्टरला चाळीस तरी हवेत, मी म्हटलं,
नाहीतर गाडीचा पट्टा खांद्यावर न बसता
गळ्याशी येतो. आणि तू झोपलीस की
कलंडतेस ना? कलंडलीस की पट्टा तिथंच, तू भलतीकडे.
इंगानं हे सगळं ऐकून घेतलं
आणि म्हणाली, मी झोपत नाही.

ब्रिटनं डिकीतून जुनी सीट काढली.
नेल्सची आहे, चांगली आहे अजून, धुतलीय मी.
पाठीवर मार्करनं लिहिलेलं नाव, ल उलटा.
माझ्याकडे फॉर्म असतो. चौथा प्रश्न:
ही सीट कधी अपघातात होती का?
ब्रिट म्हणाली, हो म्हणजे, थोडंसं. एक हरीण आडवं आलं होतं.

मी लिहून घेतलं.
त्या रात्री एकसष्ट नंबरच्या रस्त्यावर
गेलेल्या चौघांत मी होते.
मला हरीण आठवत नाही.
मला तिचा नवरा आठवतो, बर्फात बसलेला,
आणि त्याच्या तोंडाचा वास.
आणि याच सीटमध्ये नेल्स, पाच वर्षांचा,
रडून रडून उचकी लागलेला, पण अख्खा.

या सीटनं तिचं काम करून ठेवलंय, मी म्हटलं.
आता तिच्याकडून आणखी मागू नकोस.
ब्रिटनं मान हलवली. कुणाकडे न बघता.

मग दुकानातून आणलेली दोन खोकी उघडली.
एक परत पाठवली; तिचे पट्टे
सगळ्यात खालच्या खाचेतही इंगाच्या कानाशी.
दुसरीचे बसले, खांद्याच्या जेमतेम वर.
मी सीटवर गुडघा रोवून पट्टा ओढला,
मागचा वरचा दोर हुकात अडकवला,
सीट धरून हलवली. माझी बोटं हलली, सीट नाही.
कोट काढ, म्हटलं. फुगीर कोटावरून आवळलेला पट्टा
आपल्याला फसवतो, आत हवाच असते सगळी.
कोट काढल्यावर इंगा एवढीशी उरली.
क्लिप काखेच्या रेषेत. गळ्याच्या हाडापाशी
पट्ट्याला चिमटा काढायला गेले: चिमटीत काही आलं नाही.
मग कोट वरून पांघरला, उलटा.

मी मोठी झाले की हे पट्टे कुठं जाणार?
सीटच्या पोटात. हे बघ, इथं कप्पा आहे.
मग हीच सीट माडीसारखी होईल.
इंगानं कप्प्यात हात घालून पाहिला,
खोल आहे का, ते.

जुन्या सीटचे पट्टे कापायचे असतात,
नाहीतर कुणीतरी कचऱ्यातून उचलून नेतं.
ब्रिट म्हणाली, कात्री मला दे.
पट्टे चिवट असतात. कात्री सरकते.
मी मदतीला हात पुढे केला नाही.
उलट्या ल चा तुकडा तिनं खिशात टाकला,
आणि विचारलं, पैसे किती?
काही नाही, म्हटलं. फॉर्मवर सही कर.

पुढची गाडी हॉर्न वाजवत होती.