चार बोटं

हरिपूरच्या घाटावर यसबा आंबी
काट्याकडे बघत नसे.
हळदीची पोती चढत, नाव बसत जाई,
तो वाकून फळीला हात लावी :
"चार बोटं कोरडी. पुरे."
व्यापारी हुज्जत घाली, अजून दोनच पोती, यसबा!
तोवर त्यानं शीड सोडलेलं असे.

पूल झाला.
उपड्या नावेवर शेवया वाळल्या,
शिडाचं कापड गेलं पेवाच्या तोंडावर.

आता सांगलीच्या यार्डात नातू ट्रक भरतो.
म्हातारा सावलीतून उठतो,
दबलेल्या टायराशी बोटं धरतो
आणि मान हलवतो.
"रस्ता बुडत नसतोय, आज्जा."

तो काही बोलत नाही.
बोटं धोतराला पुसतो,
ओली असल्यागत.