आगु रा

हे गाणं तुम्हाला पाठ आहे.
वरातीत त्यावर नाचला असाल,
नाहीतर टमटममध्ये बसून गुडघा तरी हलवला असेल.
मधेच बाई ओरडते, "आगु रा!"
आणि अख्खी गल्ली एक ठोका हवेत थांबते.
तुम्हाला वाटतं, आग म्हणतेय.
कंपनीलाही तसंच वाटलं,
म्हणून नव्या व्हिडिओत सहा पोरी आणि पेटते टायर.

साल एकोणनव्वद. साखर पेठ.
अंबादास गाजुलच्या परसातली खोली.
भिंतींना, दाराला, खिडकीलाही चादरी टांगलेल्या,
आतला आवाज आत राहावा म्हणून.
सगळा सेकंड माल. एकीवरचा मोर उलटा विणलेला,
दुकानदारानं परत पाठवलेला,
तो स्टुडिओला लागला.

शब्द इलाही नदाफचे. तो नंबरप्लेटा रंगवायचा.
विडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून आणले,
अर्धे मराठीत, उरलेले ज्या भाषेत जुळतील तिच्यात.
तिसरं कडवं उद्या देतो म्हणाला.
अजून दिलेलं नाही.

गायला भूदेवी कोंडा, माझी आई.
हजार विड्या कारखान्यात मोजून देऊन आलेली,
बोटांना तंबाखू,
आवाजालाही थोडी.

पलीकडे माग चालू.
मालक म्हणाला, गाण्यासाठी माग बंद?
डोकं ठिकाणावर आहे का?
मग ताल त्याचाच घेतला.
पण तो माग लंगडा.
खटक खटक, खटक खटक,
आणि पाचव्या फेकीला धोटा अडखळायचा.
अंबादास म्हणाला, असू दे,
तिथं श्वास घ्या.

मी सहा वर्षांचा.
उलटा मोर बाजूला सारला आणि पलीकडे गेलो.
पट्टा फिरत होता, काळा, चकचकीत,
कुठून सुरू होतो ते मला धरून बघायचं होतं.

"आगु रा!"

तेलुगूत थांब.
थांब रे.
त्यातला "रे" मी.

हात मागे आला. टेप चालूच होती.
पुन्हा घ्यायला दुसरी कॅसेट नव्हती,
हिच्यावरचंही कुणाच्या मामाचं कीर्तन पुसून झालेलं.
ओरडणं तसंच राहिलं,
त्याच्यानंतरची शांतताही.

पहिल्या शंभर कॉप्या गड्ड्यावर गेल्या, आकाशपाळण्याखाली.
मग विजापूर वेशीतल्या रिक्षा,
मग हुबळी, निजामाबाद,
मग कुणाचा तरी मेहुणा भिवंडीला घेऊन गेला.
मुंबईची कंपनी आली कधी, गेली कधी,
लेबलवर छापलं: पारंपरिक.
अंबादासनं ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"म्हणजे मी जुना झालो की मेलो?" म्हणाला,
आणि सगळ्यांना चहा सांगितला.

कंपनीच्या वादकांना तो पाचवा ठोका जमेना.
मशीनवर सरळ करून वाजवला
तर लोक खुर्च्यांतून उठेनात.
शेवटी दोघंजण माग शोधत सोलापूरला आले.
माग तोवर भंगारात गेला होता, किलोवर.
बाजारात फिरले, शेंगाचटणी घेतली,
संध्याकाळच्या गाडीनं परत.

आता ते पैशांचं विचारू नका.
इलाहीच्या पोरानं एकदा वकील गाठला होता,
वकिलाच्या मोबाईलवर हेच वाजलं.

गणपतीत डॉल्बीची भिंत आमच्या दारावरून जाते.
पत्रे थरथरतात, फडताळातली भांडी सरकतात.
आई सुपात पानं घेऊन बसलेली असते,
पंचविसाची जुडी, दोरा दातात.
तिचाच तिशीतला आवाज
तिच्या अंगावरून ओरडत पुढे जातो.
ती म्हणते, बाई जरा चढ्यातच गाते.

मी बेचाळीसचा, केस गेलेले,
तिथंच भिंतीला टेकून.
आणि तो ठोका येतो, रिकामा,
पोरं पाय उचलून थांबतात,
आई दोरा सोडून
मान वर करते
आणि मी कुठं आहे ते बघते.