बर्फाचा हिशेब

क्लाक्सविकच्या बंदरात
कुठल्या बोटीला किती टन बर्फ, हे अजून
फळ्यावर खडूनं लिहितात.
फळा भिजला की भांडणं.

म्हणून रानवा तीन रात्री
तीन फ्रेमवर्क उघडून बसलीय.
पहिल्याला चाळीस हजार तारे,
आणि दर सहा महिन्यांनी नवा अवतार, जुनं सगळं मोडीत.
दुसरं देखणं. पाच मिनिटांत पान उभं राहतं,
सहाव्या मिनिटाला आपण कुठं आहोत तेच कळत नाही.
तिसरं करड्या रंगाचं, जुन्या स्वेटरसारखं.

"तिन्ही फुकट ना?" यालग्रिम विचारतो,
बर्फखान्यातला, हातमोजे न काढता.
"मग घोळ कसला?"
"फुकटच्या बोटीलाही
दरवर्षी रंग लागतो."
तो मान हलवतो. हे त्याला कळतं.

पहाटे ती तिसऱ्याचा कोड चाळते.
चारशे बाराव्या ओळीपाशी कुणीतरी लिहून ठेवलंय:
इथं माझं चुकतंय, कुठं ते सापडत नाही.
नंतर येणाऱ्यानं बघावं.
खाली, चार वर्षांनी, दुसऱ्याच कुणाचं:
सापडलं.

बाहेर पहिली बोट भोंगा देते.
सात टन.
रानवा लॅपटॉप उघडाच ठेवते,
आणि आजच्यापुरता
खडू उचलते.