पार्श्वभूमी वजा जाता

गुरुवारी दुपारी लोहगावहून डबा यायचा,
बिस्किटांचा, पत्र्याचा, वर सुतळी बांधलेली.
आत समुद्र.

म्हणजे कागद. तळहाताएवढे गोल, कडेला राखी पडलेले.
पाठीवर पेन्सिलीनं अक्षांश, रेखांश,
उंची सहा हजार फूट, वारा वायव्येचा.
मॅस्करेन्हस माझी सही घ्यायचा आणि म्हणायचा,
"आज काय निळं होतं, कुमुदबाई! डाग नाही कुठं."
मी चिमट्यानं डाग उचलून ठेवायचे.

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता.
पाषाणच्या त्या खोलीत शिशाच्या विटांची एक चूल होती,
न पेटणारी.
कागद आत सारायचा, वीस मिनिटं बसायचं.
टिक्. टिक्टिक्.
कोनाड्यात पाल चुकचुकावी तसं.

पण त्याआधी रिकामी चूल मोजायची,
कारण रिकामं काही नसतंच :
भिंतीचा काळा दगड बोलतो, वरचं आभाळ बोलतं,
मोजायला बसलेल्या बाईची हाडं बोलतात.
ते सगळं पुणं वजा करायचं.
उरेल तो समुद्र.

त्या हिवाळ्यात समुद्र वाढत गेला.
लांब उत्तरेच्या बर्फात कुणी काय फोडलं
ते वर्तमानपत्रात तीन ओळीत, सोन्याच्या भावाखाली.
माझ्या वहीत मात्र रकाना पुरेना,
आकडे समासात चढले.
वहीवर लाल शिक्का. घरी बोलायचं नाही.
सायकलवरून गणेशखिंडीतून उतरताना
गवळी भेटायचा. त्याला काय विचारणार,
तुझी म्हैस कुठल्या वाऱ्याखाली चरते?
अर्धा शेर घ्यायचे.
नेहमीपेक्षा जास्त वेळ उकळायचे,
उकळून काही जात नाही हे माहीत असून.

एकदा मॅस्करेन्हस हातमोजे विसरला टेबलावर.
का कोण जाणे, मी एक चुलीत सारला.
मग दुसरा.
वीस मिनिटं, पुन्हा वीस मिनिटं.
समुद्रापेक्षा जास्त होते.
हातमोज्यांना वहीत रकाना नव्हता.
मी आकडा पेन्सिलीनं लिहिला, तारीख घातली,
आणि साहेबांच्या टेबलावर वही उघडीच ठेवली.
सोमवारी ते पान नव्हतं.
मॅस्करेन्हसची बदली झाली होती, कुठं ते कुणी सांगेना.
पुढचे डबे एक मुलगा आणायचा,
सही घ्यायचा, आणि गप्प निघून जायचा.

सीझियमचं अर्धायुष्य तीस वर्षं.
माझ्या नोकरीचं पूर्ण आयुष्य तेवढंच.
निरोपसमारंभात शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.

त्यानंतर भाच्यानं हरिहरेश्वरला नेलं.
खरंच निळं होतं.
सगळे पाण्यात, मी खडकावर बसलेली,
आणि लाट आपटली की ओठ आपोआप हलायचे,
एक. दोन. तीनचार.
"मावशी, काय पुटपुटतेस? जप?"
हो म्हटलं.
वजा काय करायचं ते
मला तिथं बसून आठवेना.