पान एकशे बारा

पुस्तकातली पोस्टमास्तरीण
एकशे बाराव्या पानावर मरते.
तिला गावातली सगळी अक्षरं ओळखता येत होती,
एवढाच तिचा गुन्हा.
मी पुस्तक शिक्क्यांच्या पॅडशेजारी पालथं घालते
आणि आदगोंडाआण्णांचं आरडीचं पासबुक भरून देते.
"काय वाचताय बाई?"
"खून आहे, आण्णा. विलायतेतला."
"कुणी केला?"
"अजून कळलं नाही."
"मग आपल्यापेक्षा मोठं गाव असणार," म्हणाले
आणि चपला घालून गेले.

मोठं नाही. मी घरं मोजलीत, एकोणचाळीस,
पाद्र्याचं धरून.
एक तळं, एक गुत्ता, तिथं बायकाही बसतात,
आणि मुरंब्याची एक स्पर्धा,
जिच्यात दरसाल तीच बाई पहिली येते
आणि दरसाल सगळ्यांना आश्चर्य वाटतं.
पुस्तक मुल्लासरांचं. नववीत त्यांनी दिलेल्या इंग्रजीवर
मी अजून चालते, लंगडत,
डिक्शनरी ड्रॉवरात, मनीऑर्डरच्या फॉर्मांखाली.
स्कोन म्हणजे काय हो सर, विचारलं तर म्हणाले,
"नानकटाईचा चुलतभाऊ समज आणि पुढं वाच."

विष तिथं माळ्याच्या खोपटात असतं, एका डब्यात,
आणि तो एक डबा जागेवर नाही
म्हणून चाळीस पानं गावाला झोप नाही.
इथं तासगावपासून सावळजपर्यंत
छाटणी झाली की प्रत्येक बागेच्या शेडात अकरा-अकरा डबे,
रिकामे झाले की धुऊन त्यांत कोरफड लावतात,
कवटीचं चित्र भिंतीकडं करून.

तपासाला एक म्हातारा डॉक्टर आहे, गुडघ्यानं अधू.
दारोदार चहा पितो आणि फालतू विचारत बसतो :
मंगळवारी दूध किती वाजता आलं?
खिडकीचा पडदा कुणी ओढला?
आणि लोक सांगतात!
सगळं पुस्तक पटलं मला, फक्त हे सोडून.

उगाऱ्यांची धाकटी सून, वैजयंता,
मार्गशीर्षात विहिरीत मिळाली, तेव्हा
दूध किती वाजता आलं हे कुणी विचारलं नव्हतं.
पाय घसरला, असं ठरलं. कुणी ठरवलं, माहीत नाही,
पण नऊ वाजेपर्यंत सगळ्या गावाचं एकच वाक्य झालं होतं,
शाळेत फळ्यावरून उतरवून घेतल्यासारखं.
पायरी कोरडी होती.
दिवसाच्या जेवणाला मीही गेले. सगळे एका मांडवात,
शेवटच्या प्रकरणात बसवतात तसे,
फक्त उभं राहून बोलणारं कुणी नव्हतं.
बुंदी चांगली झाली होती.

आता हे कुठल्या पानावर घालायचं :
त्याआधी पंधरा दिवस ती काउंटरला आली होती.
रजिस्टर, अथणीला, भावाच्या नावे.
तिचा ळ असा, की वेलीचा तणाव काठीला धरतो तसा
पुढच्या अक्षराला धरायचा.
पाकीट जाड होतं. मी वजन केलं, पावती दिली,
ती म्हणाली, "कधी पोचंल?"
पोचलं. आणि परत आलं.
वरती लाल शाईत : घेण्यास नकार.
नियम असा, की पाठवणाऱ्याला परत द्यायचं,
पत्त्यावर, घरातल्या कुणाही मोठ्या माणसाची सही घेऊन.
ती त्या दिवशी रानात होती.
मी पाकीट तिच्या थोरल्या दिराच्या हातात दिलं.
वर "पेन आहे का?" त्यानं विचारलं,
तर माझंच पेन दिलं.

त्यानंतर तीन दिवस.

सही रजिस्टरात आहे. रजिस्टर कपाटात आहे.
किल्ली माझ्या कमरेला.
कुणी गुडघ्यानं अधू माणूस आलाच कधी चहाला,
तर साखर किती, हे विचारायच्या आत सांगून टाकीन,
असं मला रोज दुपारी वाटतं
आणि चार वाजेपर्यंत वाटेनासं होतं.

मुल्लासर रस्त्यात भेटले की हटकतात,
"कुठवर आलीस? ओळखलास का?"
मी म्हणते, एकशे बारा.
महिना झाला, एकशे बाराच.

आज पान उलटलं.
एकशे तेरावर, काउंटरला
शेजारच्या गावची एक पोरगी बसवलीय.
तिकिटं फाडताना जीभ बाहेर काढते.
तिला अजून कुणाचंच अक्षर माहीत नाही.

एसटीचा हॉर्न वाजला वेशीवर.
मी लाख वितळवायला घेते, थैलीचं तोंड आवळते.